हार नको, हिशेब द्या

ऑगस्ट संपत आला आणि शिक्षक दिन जवळ आला की एक युक्तिवाद दरवर्षी नव्याने कानावर येतो. आजच्या मुलांना शिक्षकांबद्दल आदर उरलेला नाही आणि तो रुजवायचा तर त्यांच्याकडून काहीतरी करवून घेतलं पाहिजे. मग काय करवून घ्यायचं याच्या याद्या फिरू लागतात. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, शाळेच्या सूचनावहीत. भेटकार्ड बनवा, गुलाब द्या, पेन द्या, वर्गणी काढून साडी नाहीतर घड्याळ घ्या, केक कापा, औक्षण करा. काही शाळा गुरुपौर्णिमेला याच्याही पुढे जातात आणि शिक्षकांना रांगेने खुर्च्यांवर बसवून मुलांकडून त्यांचे पाय धुऊन घेतात. यामागचा विचार सरळ आहे. कृती आधी, भावना मागाहून. हात जोडायची सवय लागली की मनही आपोआप वळेल.

हा विचार हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मूल नमस्कार आधी शिकतं आणि त्याचा अर्थ त्याला नंतर कळतो, हे कुठल्याही घरात दिसतं. तेव्हा सवय लावण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझा आक्षेप आहे तो नेमकी कोणती सवय लागते आहे याला. या याद्यांतली जवळपास एकही गोष्ट करताना मुलाला त्या शिक्षकाने आपल्याला काय शिकवलं हे आठवावं लागत नाही. गणिताच्या बाईंना दिलेला गुलाब चित्रकलेच्या सरांना चालतो आणि वर्षभर वर्गावर फिरकलेही नाहीत अशा गृहस्थांनाही चालतो. चांगल्या आणि वाईट शिक्षकात फरकच न करणारा सन्मान हा चांगल्या शिक्षकाचा सन्मान कसा काय ठरतो?

गाण्याच्या मैफलीत जाणकाराची दाद नेमक्या जागेवर पडते. बैठकभर डुलक्या काढून शेवटी हार घालायला उठणारे अध्यक्ष गायकाला बरोबर ओळखू येतात. शिक्षकांनाही ते ओळखू येतात. ते बोलून दाखवत नाहीत, एवढंच.

शिक्षकाच्या कामात एक अडचण अशी आहे की त्या कामाचा निकाल त्याला कधी दिसत नाही. बोर्डाचा निकाल लागतो, पण तो मुलाच्या एका आठवड्याच्या स्मरणशक्तीचा. सातवीत समजावलेला अपूर्णांक पुढे कुठल्या दुकानाच्या गल्ल्यावर कामाला आला, नववीत वाचून दाखवलेल्या धड्यामुळे कोण वाचायला लागलं, हे त्याला कळायची काही सोय नाही. जूनमध्ये नवा वर्ग समोर येतो आणि जुना निघून जातो तो बहुतेक कायमचा. म्हणून शिक्षकाचे आभार मानायचे म्हणजे काय, याचं माझ्यापुरतं एकच उत्तर आहे. त्याने दिलेल्या गोष्टीचं पुढे काय झालं हे त्याला कळवायचं. हिशेब द्यायचा. बाकी सगळं त्या हिशेबाची जागा अडवून बसलं आहे.

सोहळ्याच्या बाजूने हमखास दिला जाणारा दाखला खुद्द सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा. १९२१ साली म्हैसूरचं महाराजा कॉलेज सोडून ते कलकत्ता विद्यापीठात जायला निघाले, तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यांची फुलांनी सजवलेली गाडी स्वतः ओढत स्टेशनपर्यंत नेली. भाषणांमधून ही गोष्ट सांगतात आणि मग विचारतात, असे विद्यार्थी आज कुठे आहेत? मला उलट विचारावंसं वाटतं, की ती गाडी ओढण्याचं परिपत्रक कुणी काढलं होतं? राधाकृष्णन १९१८ पासून तिथे तत्त्वज्ञान शिकवत होते. निरोपाच्या दिवशी जे घडलं ते त्या तीन वर्षांच्या तासांमधून आलं. आपण ते तास सोडून देतो, शेवटचा देखावा तेवढा उचलतो आणि तो वेळापत्रकात बसवतो. १९६२ साली ते राष्ट्रपती झाल्यावर लोक त्यांचा वाढदिवस साजरा करायला निघाले, तेव्हा त्यांनी तो दिवस शिक्षकांसाठी पाळायला सांगितलं. एका माणसाचा सोहळा होऊ नये म्हणून पुढे आलेला ५ सप्टेंबर आपण शाळोशाळीच्या सोहळ्यांनी पुन्हा भरून टाकला.

आता भेटवस्तूंकडे वळू. त्यांच्या बाजूने सांगितलं जातं की प्रेमाने दिलेल्या वस्तूत वाईट काय? घरच्या बागेतलं फूल किंवा स्वतः काढलेलं चित्र देणाऱ्या पहिलीतल्या मुलाला कुणी अडवत नाही. अडवणारा माणूस शाळेत असूच नये. पण वर्गणी निघाली की फूल मागे पडतं आणि रक्कम पुढे येते. ग्रुपवर नावांपुढे बरोबरच्या खुणा पडत जातात. ज्याच्या नावापुढे खूण नाही त्या घराला ती रात्र कशी जाते, हे ती यादी करणाऱ्याला कळत नाही. शिवाय देणारा आणि घेणारा इथे एका पातळीवर नसतात. तोंडी परीक्षेचे, प्रकल्पाचे, प्रात्यक्षिकाचे गुण ज्याच्या हातात आहेत त्याला वस्तू दिली जाते आहे. मनात काही नसलं तरी शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या मनात ते येतंच. सरकारी सेवेतल्या माणसाने भेटी घेण्यावर वर्तणूक नियमांनी बंधनं घातली आहेत ती याचसाठी. वरच्या वर्गांत तर लाजच सोडलेली दिसते. पीएच.डी.च्या गाईडची घरगुती कामं करणारा, मौखिक परीक्षेच्या दिवशी पाहुण्यांच्या जेवणाचा खर्च उचलणारा संशोधक विद्यापीठाच्या आवारात कुणाला नवा नाही. त्यालाही आपण गुरुभक्तीच म्हणतो.

हे किती पुढे जाऊ शकतं ते दक्षिण कोरियाकडे बघून कळतं. तिथे १५ मे हा शिक्षक दिन असतो आणि त्या दिवशी शिक्षकाला कार्नेशनचं फूल द्यायची रीत आहे. पण फुलाच्या आडून पालकांची पाकिटं इतकी सरकू लागली होती की २०१६ मध्ये लाचविरोधी कडक कायदा लागू झाला, तेव्हा त्याचा अर्थ लावताना फूलसुद्धा त्यात आलं. वर्गप्रतिनिधीने सर्वांदेखत दिलं तर चालेल. एकेकट्या विद्यार्थ्याने आपल्या शिक्षकाला देऊ नये, असं तिथल्या यंत्रणेने सांगितलं. आपल्याकडे असा कायदा व्हावा असं मी म्हणत नाही. पण वस्तूला एकदा मोकळं रान दिलं की साधं फूलही संशयात सापडतं, हे तिथे घडून गेलं आहे.

पाद्यपूजनाचं समर्थन करणारे संस्कृतीचा आधार घेतात, म्हणून त्यांना संस्कृतीतलंच उत्तर देऊ. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान कसं मिळवावं हे सांगताना नमस्काराच्या जोडीला प्रश्न विचारणं आणि सेवा करणं हेही सांगितलं आहे. आपण तिघांतला नमस्कार तेवढा ठेवला आणि प्रश्न विचारणाऱ्या मुलाला आगाऊ ठरवून मागच्या बाकावर बसवलं. पाया पडण्याची मराठी मुलखातली सगळ्यांत मोठी परंपरा वारीची. तिथे वारकरी एकमेकांच्या पाया पडतात; म्हातारा पोराच्या पडतो आणि पोर म्हाताऱ्याच्या. एकाने खुर्चीत बसून पाय ताटात ठेवायचे आणि दुसऱ्याने ते धुवायचे, हा प्रकार त्या परंपरेत कुठे बसतो ते समर्थकांनी सांगावं. गुरुदक्षिणेची थोरवी गाताना ज्या एकलव्याचं उदाहरण देतात, त्याच्या गोष्टीत तर न शिकवलेल्या गुरूने शिकलेली विद्याच परत मागून घेतली. शाळेत ती गोष्ट सांगायचीच असेल तर दक्षिणा मागणाऱ्याबद्दलही मुलांना विचारू द्यावं.

मोठ्यांचा प्रकार वेगळा. दहावीच्या बॅचचं पंचवीस वर्षांनी स्नेहसंमेलन भरतं. लॉन ठरतं, फ्लेक्स लागतो, फेटे बांधले जातात. जुन्या शिक्षकांना गाडी पाठवून आणतात, शाल-श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह देतात, आणि वेळेअभावी दोनच मिनिटं बोलायला सांगतात. मग माजी विद्यार्थी बोलायला उभे राहतात आणि त्यांतला एकजण हमखास म्हणतो, सरांनी छड्या मारल्या म्हणून आज आम्ही इथे आहोत. टाळ्या पडतात. तीस-बत्तीस वर्षं भूमिती शिकवलेल्या माणसाला या समारंभातून जे कळतं ते एवढंच, की त्याची भूमिती कुणाला आठवत नाही, छडी आठवते. खरं तर छडीमुळे कुणाचंच काही झालेलं नसतं. त्याच छड्या खाऊन शाळा सोडून गेलेली मुलं त्या लॉनवर आलेली नसतात, म्हणून हिशेब जमल्यासारखा दिसतो. शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी घातली त्याला दीड दशक उलटलं, तरी आपली कृतज्ञता अजून तिथेच अडकली आहे.

दुसऱ्या टोकाला एक वर्ग आहे तो म्हणतो, आभार कसले मानायचे? पगार घेतात ना! हे ऐकायला रोखठोक वाटतं, पण त्यात दोन घोळ आहेत. एक तर पगार घेतात हे गृहीत धरलेलं आहे. राज्यात शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं काढावी लागणाऱ्या प्राथमिक शिक्षकाला २०२३ पर्यंत महिन्याला ६००० रुपये मानधन होतं. त्यानंतर ते १६००० झालं. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना सुट्टीचे पैसे नाहीत आणि पुढच्या वर्षीची खात्री नाही. विनाअनुदानित शाळांत बिनपगारी वर्षं काढलेले शिक्षक आझाद मैदानात येऊन बसतात, तेव्हा हीच मंडळी त्यांना पवित्र व्यवसायाची आठवण करून देतात. म्हणजे आभार मागितले की पगार दाखवायचा आणि पगार मागितला की पावित्र्य दाखवायचं. दुसरा घोळ असा, की पगार शिकवण्याच्या वेळेचा असतो. वर्ग सुटल्यावर एका मुलासाठी थांबलेल्या अर्ध्या तासाची नोंद हजेरीपटावर कुठेच होत नाही. ती एकाच ठिकाणी राहते, त्या मुलाकडे. त्याने सांगितलं नाही तर ती पुसली जाते.

इथे मला सोहळेवाल्यांना आणि पगारवाल्यांना एकत्रच उत्तर द्यायचं आहे. जागतिक शिक्षक दिन ५ ऑक्टोबरला असतो. १९६६ साली त्या तारखेला युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या पुढाकाराने शिक्षकांच्या दर्जाविषयीच्या शिफारशी स्वीकारल्या गेल्या, आणि १९९४ पासून तो दिवस पाळला जातो. त्या शिफारशींत प्रशिक्षण आहे, नेमणूक आहे, वेतन आहे, कामाचे तास आहेत, शिकवण्याचं स्वातंत्र्य आहे. आपल्याकडेही शिक्षण हक्क कायद्याचं २७ वं कलम शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून इतर बिगरशैक्षणिक कामांना जुंपायला मनाई करतं. तरीही वर्ग सोडून माहिती भरत बसलेला शिक्षक कुठल्याही जिल्हा परिषदेच्या शाळेत भेटेल. गुलाब देणाऱ्या पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एकदा विचारावं, की आमच्या मुलांच्या गुरुजींचे किती तास वर्गाबाहेर गेले? शिक्षकाला त्याचा वर्ग परत मिळवून देणं यापेक्षा मोठी भेट कुठल्याच दुकानात मिळत नाही.

पुरस्कारांचंही तेच झालं आहे. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी २०१८ पासून शिक्षकाने स्वतःच ऑनलाइन अर्ज भरायचा असतो. राज्यातही प्रस्ताव तयार करायचा म्हणजे फोटो, दाखले, कात्रणं जमवून फाईल जाडजूड करायची. आपलं काम चांगलं आहे हे शिक्षकाला स्वतःच सिद्ध करावं लागतं, कारण ज्यांनी ते अनुभवलं त्यांनी कुठे काही लिहून ठेवलेलंच नसतं. त्या फाईलमध्ये चार माजी विद्यार्थ्यांची नेमकी पत्रं असती तर फोटोंची गरजच पडली नसती.

नेमकं म्हणजे कसं, याची उदाहरणं आपल्याच इतिहासात आहेत. डॉ. आंबेडकर शाळकरी वयात एक परीक्षा उत्तीर्ण झाले तेव्हा विल्सन हायस्कूलमधले शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. बाबासाहेबांनी त्याबद्दल काय केलं? जवळपास पन्नास वर्षांनी, १९५६ साली, बुद्धावरच्या आपल्या ग्रंथाची प्रस्तावना लिहिताना त्यांनी तो प्रसंग नोंदवला आणि आपण बुद्धाकडे वळलो त्याची सुरुवात त्या पुस्तकाने झाली, असं सांगितलं. एका शिक्षकाने दिलेल्या एका पुस्तकाचं पुढे काय झालं याचा याहून चोख हिशेब मला माहीत नाही.

दुसरं उदाहरणही त्यांचंच. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधले त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध तपासला. १९२३ साली तो पुस्तकरूपाने निघाला तेव्हा बाबासाहेबांनी प्रस्तावनेत कॅनन यांचे आभार मानले, आणि कशाबद्दल मानले तेही लिहिलं. त्यांनी सैद्धांतिक भागाची कठोर चिकित्सा केली म्हणून अनेक चुका टळल्या, असं ते म्हणतात. मतांची जबाबदारी मात्र त्यांच्यावर नाही, हेही स्पष्ट करतात. त्याच पुस्तकाला कॅनन यांचं प्रास्ताविक आहे आणि त्यात गुरू मोकळेपणाने सांगतो की या शिष्याची बरीच मतं मला पटत नाहीत, पण त्याच्या मांडणीत ताजेपणा आहे. यात हार नाही, पाद्यपूजन नाही, आणि शिक्षकाशी सहमत असण्याची अटही नाही. आदर कमी होईल म्हणून प्रश्न विचारू नका, असं मुलांना सांगणाऱ्यांनी ही दोन प्रास्ताविकं एकापुढे एक ठेवून वाचावीत.

तिसरं उदाहरण शाळकरी मुलीचं. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. पेशवाईत तिच्या माणसांवर काय गुदरलं, बाळंत होणाऱ्या बायकांना डोक्यावर छप्परही कसं नसे, धर्मग्रंथ दुसऱ्यांच्याच मालकीचा असेल तर आमचा धर्म कोणता, हे त्या मुलीने रोखठोक विचारलं. सावित्रीबाई शाळेला जाताना त्यांच्या अंगावर शेण आणि दगड येत. त्या दगडांना ज्याने उत्तर मिळालं, तो हा निबंध. शिकवलेलं शिक्षकाच्या पलीकडे नेणं ही दाद कुठल्याही औक्षणाच्या तबकात मावणारी नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. सगळी मुलं मुक्ता नसतात, आंबेडकर तर नसतातच. दुसरी-तिसरीच्या पोरांनी काय करायचं? त्यांनी तेवढंच करावं जेवढं झेपतं, आणि ते बरंच असतं. लाल शाईने खूण केलेली चूक दुरुस्त करून वही आपणहून बाईंना दाखवायची. न कळलेलं कळलं नाही म्हणून सांगायचं. सुट्टीत वाचलेल्या गोष्टीची माहिती सोमवारी द्यायची. मोठ्या मुलांनी ५ सप्टेंबरला शिक्षक होऊन तास घ्यायचा स्वयंशासन दिन जरूर करावा. सगळ्या याद्यांत मला पटणारी ती एकच गोष्ट आहे. फक्त साडी नेसून फोटो काढण्यावर तो संपू नये. एका तासासाठी किती तयारी लागली आणि कुठल्या बाकावरचं मूल शेवटपर्यंत हाती लागलं नाही, हे त्या मुलांनी दुसऱ्या दिवशी शिक्षकांसमोर बसून बोलावं. त्या दिवशी त्यांना जे कळेल ते दहा भेटकार्डांतून कळणार नाही.

महाविद्यालयातल्या मुलांचं वय पत्र लिहिण्याचं आहे. ते पत्र शिक्षकाला लिहावं आणि त्याची एक प्रत प्राचार्यांना द्यावी. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाची फेरनेमणूक अडते तेव्हा अमुक विषय आम्हाला यांच्यामुळे समजला, असं चाळीस सह्यांनी सांगणारा कागद स्मृतिचिन्हापेक्षा जड भरतो. बॅचवाल्या माजी विद्यार्थ्यांनी लॉनचं भाडं आणि फेट्यांचा खर्च वाचवावा. ज्या सरांनी वाचायला लावलं त्यांच्या नावाने शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांचं एक कपाट उभं करावं, आणि विनाअनुदानित शाळेत आयुष्य घालवून पेन्शनशिवाय घरी बसलेल्या बाईंच्या औषधांचा खर्च वाटून घ्यावा, तोही फ्लेक्स न लावता. आणि सरांना बोलवायचंच असेल तर दोन मिनिटांऐवजी एक तास द्यावा आणि त्यांच्याकडून पुन्हा एकदा ती भूमिती शिकून घ्यावी. चाळिशीच्या विद्यार्थ्यांनी विचारलेल्या शंकांना उत्तर देताना त्या माणसाला जे मिळेल ते कुठली शाल देऊ शकत नाही.

मुख्याध्यापकांना माझी सूचना आहे. या वर्षी शिक्षक दिनाच्या परिपत्रकात केक, फुगे आणि वर्गणी यांना फाटा द्या. एक तास राखा. प्रत्येक मुलाने आपल्या आवडीच्या शिक्षकाला दोन वाक्यं लिहायची: तुम्ही शिकवलेली अमुक गोष्ट मी अशी वापरली, आणि तुम्ही शिकवलेली तमुक गोष्ट मला अजून समजलेली नाही. पहिलं वाक्य शिक्षकाला त्याच्या कामाचा निकाल देईल आणि दुसरं पुढच्या सोमवारचं काम. काही शिक्षकांच्या हातात गठ्ठा पडेल आणि काहींच्या हातात एकही कागद पडणार नाही. ते दुखेल, पण गुलाबांनी आजवर झाकून ठेवलेली गोष्ट ती हीच आहे. ज्या विद्यार्थ्याला असं पहिलं वाक्य लिहिता येत नाही त्याने हार आणू नये, आणि ज्या शिक्षकाला ते कुणीच लिहिलं नाही त्याने शालीवर समाधान मानू नये.